भुरीचं स्थळ

९ नोव्हेंबर

आज भर बाजारात एका माणसाच्या हातातली काठी हिसकून नालीत फेकली. माणूस ओळखीचा निघाला, बाबांच्या कृषी केंद्रातून दर हंगामात खत नेतो. म्हणून घरी संध्याकाळपासून त्याच्या अपमानाची चर्चा चालू आहे. कुत्रीचं कोणी काही विचारत नाही.

भाजीच्या रांगेच्या टोकाला ती आडवी पडली होती. भुरा रंग, अंगात काही नाही, पाय झाडत होती, तोंडाला फेस. भोवती वीसेक माणसांचं कोंडाळं. “पिसाळली, पिसाळली! मारा!” पहिली काठी जबड्यावर बसली तेव्हा तिला शुद्धही नव्हती. शुद्ध नसलेल्या जिवाला मारायला माणसाला किती जोर येतो ते आज पाहिलं.

मी ओरडले, “मिरगी हाय तिले! सरका मांगं!”

एक बाई म्हणाली, “तुले कसं मालूम व?”

मी गप्प बसले. काठीवाल्यापेक्षा मला माझ्या त्या गप्प बसण्याचा राग जास्त आला आहे.

झटका ओसरल्यावर ती उठायला गेली आणि पडली. डोळे उघडे, पण दिसत काही नसावं. भाजीवाल्याचं रिकामं पोतं तिच्यावर टाकून तिला मालाच्या ऑटोत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर नूतन मॅडमनी आधी तिचं तोंड बांधलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “चावली नाही ना? तरी तू लस घेऊन टाक. पिसाळलेली वाटत नाही, पण खात्री होईपर्यंत वेगळी बांध.” एक दात तुटलाय. गाल आतून फाटलाय.

बाबा म्हणाले, “चार दिवस ठेव. मंग जिथून आनली तिथं सोड.”

“तिथं मारून टाकतील तिला.”

“तर दुसरं घर पाय तिच्यासाठी. आपल्या घरी नाही, रुची.”

घरामागच्या गुरांच्या रिकाम्या कोठ्यात बांधली आहे. दार लावून घेतलं की रडते. लावलं नाही की आई रडते.

१३ नोव्हेंबर

सकाळी कोठ्यात पुन्हा झटका. बाबा दुकान उघडायला गेले होते. आई चप्पल घेऊन धावत आली, कुत्रीच्या नाकाला लावायला! मी ती हातातून ओढून अंगणात फेकली. आई म्हणाली, “अवो, चामड्याच्या वासानं उतरते.” उतरते म्हणे. तुमसरला सासूनं सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या नाकाला चप्पल दाबली होती. मी शुद्धीवर आले तेव्हा ओठांवर रस्त्याची घाण होती आणि दीर मोबाईलवर शूटिंग करत होता. हे आईला माहीत आहे. माहीत असून चप्पल.

नूतन मॅडमनी गोळी लिहून दिली. माणसांचीच गोळी, सकाळ-संध्याकाळ, आणि बजावलं, “एकदा चालू केली की एकही वेळ चुकवायची नाही. अचानक बंद केली तर आधीपेक्षा जोरात येतात.” चिठ्ठी घेऊन गावातल्याच मेडिकलमध्ये गेले. दुकानदारानं मोठ्यानं विचारलं, “ही मिरगीची ना? कोनाले?” म्हटलं, “कुत्रीले.” तो हसला.

मी घरी पोचायच्या आत आईकडे बातमी पोचली होती.

“गावातून कायले आनली तू?”

“मग कुठून आणू?”

“तुह्या गोळ्या बाबा साकोलीवरून आनून राहिले ना इतके वर्षं? गावात कोनाले पत्ता लागू देला नाही. लोकं काय म्हनतील, कुत्रीचं निमित्त हाय, गोळी पोरीसाठी हाय.”

“म्हणू देत. खरंच तर आहे.”

आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. घरात आम्ही दोघीच होतो, तरी.

मला सोळाव्या वर्षापासून मिरगी आहे. हे वाक्य मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही. आता लिहिलं. छत जागेवर आहे.

२२ नोव्हेंबर

मॅडमनी खात्री दिली, पिसाळलेली नाही. लस टोचली. नाव भुरी ठेवलं आहे. नाव आईनं ठेवलं, आणि आता म्हणते, मी कुठं ठेवलं, रंग भुरा म्हणून हाक मारली.

गालाची जखम भरत आली आहे. गोळी गुळाच्या खड्यात लपवून दिली तर गूळ खाते आणि गोळी थुंकते. भाताच्या घासात दिली तर न चावता गिळते. पण आई मधेच तिला पोळी घालते, मग पोट भरलेलं म्हणून ती घास खात नाही आणि गोळीची वेळ टळते. आज आईवर ओरडले. आई म्हणाली, “मी कायले घालू पोळी? कावळ्यासाठी ठेवली होती.” कावळ्यासाठी कोणी तूप लावून ठेवतं का?

एक आठवडा झटका नाही.

२ डिसेंबर

नूतन मॅडम म्हणाल्या, आता हिच्यासाठी घर शोधायला हरकत नाही. त्यांच्या ओळखीच्या प्राणीमित्रांचे दोन-तीन व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. मी फोटो काढला आणि मजकूर लिहिला: मादी, वय अंदाजे तीन, शांत, मिरगी आहे, रोज दोन वेळा गोळी द्यावी लागते, कायम.

बाबांनी दुकानातून येऊन वाचलं. “असं लिवलं तर कोन येईल?”

“ज्याला सगळं माहीत असून न्यायची असेल तो.”

“असा कोनी राहत नाही. आधी फक्त फोटो टाक. आले, पाहिलं, मनात भरली, मंग हळूच सांगता येते.”

मी मजकूर बदलला नाही.

जेवताना आईनं दुसराच विषय काढला. दरेकसा गावचं एक स्थळ आहे. बायको वारलेला, एक मुलगी, थोडी शेती. केवलराममामा मध्ये आहेत. “माझी फारकत झाल्याचं सांगितलं?” म्हटलं. तर ते सांगितलंय. “आणि बाकीचं?” आई भाजी वाढत राहिली. “सध्या काही बोलू नोको. पाहू दे त्याईले पहिले.”

मी ताटावरून उठले. वांग्याच्या भाजीत मीठ जास्त होतं आणि बाबांनी मजकुरावरून डोकं फिरवलं होतं, म्हणून उठले. स्थळाचा काही संबंध नाही. स्थळं येतात-जातात.

८ डिसेंबर



बँकेच्या कामासाठी अर्जुनीला गेले होते. दुपारी परत आले तर कोठ्याचं दार सताड उघडं. दोरी नाही, भुरी नाही. आधी वाटलं पळाली. तळ्याच्या पाळीपर्यंत हाका मारत गेले. मासे विकणाऱ्या बायांना विचारलं. त्यांनीच सांगितलं, “तुह्या बाबाकडं गोंदियाची गाडी आली होती ना, तिच्यात बसली.”

इंद्रकुमार म्हणून गोंदियाचे व्यापारी आहेत, बाबांना फवारणीचे पंप पुरवतात. मुलांना घेऊन तलाव पाहायला आले होते. मुलांना कुत्री आवडली. बाबांनी देऊन टाकली.

“गोळ्या दिल्या बरोबर?”

मी कोठ्यात गेले. गोळ्यांची पट्टी फळीवर तशीच होती.

“बाबा, त्यांना मिरगीचं सांगितलं?”

“एकडाव घरात गेली का लळा लागते, पोरी. मंग कोनी हाकलत नाही. आठ दिवसांनी फोन करून सांगतो ना मी.”

“आठ दिवस? तिला आज संध्याकाळी गोळी पाहिजे!”

“मोठं घर हाय त्याईचं. भलं झालं कुत्रीचं. तू कायले चिल्लावून राहिली?”

इंद्रकुमारांना सहा फोन केले. उचलत नाहीत. आज बस नाही. बाबा गाडीची किल्ली देत नाहीत, मला गाडी चालवायची परवानगी नाही म्हणून. ती परवानगी का नाही हेसुद्धा या घरात कोणी उघड बोलत नाही. लोकांना सांगतात, रुचीले गाडीची भीती वाटते.

मला कशाचीही भीती वाटत नाही. मला राग येतो.

९ डिसेंबर

पहिल्या बसनं निघाले, कोहमाऱ्याला बदलून गोंदियाला. घर शोधायला वेळ लागला नाही, त्यांचं नाव दुकानाच्या पाटीवर आहे.

भुरी दुकानामागच्या गोदामात होती, पंपांच्या खोक्यांमध्ये, लोखंडी दाराला साखळीनं बांधलेली. सगळीकडे मुतलेलं. मला ओळखलं नाही तिनं. गुरगुरली. सकाळी दोन झटके येऊन गेले होते. मी लांब बसून राहिले, मग जवळ सरकले, भाताचा घास सोबत नेला होता तो ठेवला. बऱ्याच वेळानं तिनं तो हुंगला आणि माझ्या मांडीवर हनुवटी टेकली.

इंद्रकुमार दारात उभे होते. मी येतानाच ठरवून आले होते काय काय बोलायचं ते, आणि सगळं बोलले. साखळी, पाणी नाही, फोन उचलत नाही, माणूस आहात की कोण.

ते म्हणाले, “मैडम, रात को बच्चों के कमरे में सोई थी. सुबह छोटी ने देखा उसको, मुँह से झाग, आँखें ऊपर. तब से बच्ची रो रही है. हमको क्या मालूम क्या बीमारी है? आपके पिताजी, टेकचंदजी, बोले एकदम तंदुरुस्त है.”

“तो डॉक्टर को बुलाते!”

“बुलाया है. देखो, मैं आपके पिताजी से बीस साल से धंधा कर रहा हूँ. बता देते तो क्या हो जाता? बता देते तो शायद फिर भी ले आते. सोच के लाते. बच्चों को समझा के लाते.”

मी साखळी सोडली आणि निघाले. त्यांची छोटी वरच्या खिडकीतून पाहत होती. ती विचारत होती, “पापा, वो ठीक हो गई क्या?” मी मान वर केली नाही. सांगायला पाहिजे होतं तिला काहीतरी. नाही सांगितलं.

बसमध्ये कंडक्टर कुत्रीला घेईना. त्याच्याशी भांडले. शेवटी एका धानाच्या गाडीनं सडक अर्जुनीपर्यंत सोडलं आणि तिथून नूतन मॅडमनी माणूस पाठवला.

सगळ्या रस्त्यात इंद्रकुमारांवर चिडायचा प्रयत्न करत होते. जमलं नाही. “बता देते तो क्या हो जाता.” माझे सासरे आमच्या अंगणात उभे राहून हेच म्हणाले होते, दोन वर्षांपूर्वी, मला परत आणून सोडलं त्या दिवशी. “सांगितलं असतं तर विचार केला असता आम्ही.” तेव्हा मला ते जगातले सगळ्यात नीच माणूस वाटले होते. चप्पल लावणाऱ्या बाईचा नवरा. अजूनही नीच वाटतात. पण ते वाक्य खोटं नव्हतं. नीच माणसाचं वाक्य खरं निघावं याच्याइतका संताप दुसऱ्या कशाचा येत नाही.

१० डिसेंबर

काल रात्री काही बोलले नाही. आज सकाळी बाबा चहा घेत होते तेव्हा बोलले.

“तुम्ही भुरीला देऊन टाकलं ना, तसंच मला देऊन टाकलं होतं.”

बाबांनी कप खाली ठेवला.

“माझ्याही गोळ्या तुम्ही बॅगेत तळाशी ठेवल्या होत्या, साड्यांच्या खाली. म्हणाला होतात, संडासात जाऊन घेत जाय. मी सहा महिने संडासात लपून गोळी गिळली, बाबा. पाणी नसताना. एक दिवस सासूबरोबर भागवत ऐकायला गेले, दोन दिवस मुक्काम पडला, तिथं लपायला जागा नव्हती. म्हणून तुमसरला परतल्यावर आला झटका.”

आई मधे पडली. “सांगितलं असतं तर आलं असतं का कोनी? सांग ना. सांगूनच पायलं होतं पहिले दोन ठिकानी. चहा ठेवून उठून गेले लोकं. तुह्या भल्यासाठीच केलं ना.”

दोन ठिकाणी सांगितलं होतं, हे मला आज कळतंय. अठ्ठावीस वर्षांची आहे मी. मला नकार देणारी माणसंसुद्धा माझ्यापासून लपवली.

“मग नसतं झालं लग्न!” मी म्हटलं. “नसतं झालं तर काय झालं असतं?”

बाबा उठले. उत्तर द्यायला उठले असं वाटलं. चप्पल घालून दुकानात गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. आईनं डबा पाठवला तो तसाच परत आला. खाऊ नका. मी पण मनवायला जाणार नाही.

१९ डिसेंबर

भुरी सावरली. मॅडमनी मात्रा थोडी वाढवली आहे. झोपते जास्त.

बाबा आज जेवताना ताटाकडे पाहत म्हणाले, “दरेकशाच्या लोकाईले फोन केला होता. सांगून टाकलं मी. मिरगी हाय म्हनून.”

“मग?”

“नाही येत म्हनाले.”

आईनं पदर तोंडाला लावला.

मला विचारलं का? एकदा तरी विचारलं का? लपवताना विचारलं नाही, सांगताना विचारलं नाही. माझा आजार म्हणजे काय यांच्या दुकानातला माल आहे, कधी झाकायचा, कधी मांडायचा? आणि त्या स्थळाला मी होच कुठे म्हटलं होतं? तरी आता नकार मात्र मलाच आला.

बाबांना हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, “बरोबर हाय तुहं.” एवढंच. भांडायलासुद्धा येत नाही त्यांना.

२८ डिसेंबर

ग्रुपवरून फोन येतात. एकानं विचारलं, जातिवंत आहे का. एकानं विचारलं, पिल्लं होतील का, तीही अशीच होतील का. एक बाई म्हणाली तिच्या गुरुजींनी सांगितलंय, काळ्या धाग्यानं बरी होईल, धागा बांधून मगच पाठवा. एक जण नुसताच मला विचारत होता, तुम्ही मिस का मिसेस. या सगळ्यांना मी काय उत्तरं दिली ते इथे लिहीत नाही.

आज केशोरीहून रुख्मा नावाच्या बाईचा फोन आला. धानाची शेती, घरी ती आणि तिचा नवरा खुशाल. त्यांची म्हातारी कुत्री दिवाळीत गेली.

“झटका किती बखत राहते?” तिनं विचारलं.

“दोन-तीन मिनिटं.”

“तवा काय कराचं अन् काय नाही कराचं?”

आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं.

“अन् गोळी?”

“सकाळ-संध्याकाळ. चुकवून चालत नाही. जन्मभर.”

“मी बीपीची घेतोच ना दोन टाईम. तिलेबी देत जाईन. एका डब्यात ठेवतो, म्हंजे दोघींतली एकबी विसरनार नाही.”

“एका डब्यात नका ठेवू!” मी ओरडलेच.

ती हसायला लागली. “हावं, हावं. दोन डबे.”

मी तिला मुद्दाम सगळं वाईट सांगितलं. घाण करते, झटक्यानंतर गुरगुरते, आयुष्य किती सांगता येत नाही. ती प्रत्येकाला “बरं” म्हणत गेली. शेवटी म्हणाली, “पोरी, तुले द्याची हाय का नाही?”

फोन ठेवून दिला. या बाईचा राग का यावा? काहीच वाईट बोलली नाही ती.

३ जानेवारी

नूतन मॅडम केशोरीला जाऊन घर पाहून आल्या. चांगलं आहे म्हणाल्या. तिथून माणसांचं मेडिकल जवळ आहे.

मी आईला म्हटलं, आपणच ठेवू. आई म्हणाली, “ठेव ना. मी कुठं नाही म्हनतो?” बाबाही म्हणाले, राहू दे. आता राहू दे! पण जूनपासून, नोकरी लागली तर, मी नागपूरला असेन. बोलणं झालंय, तिथल्या एका लॅबमध्ये आहे, आणि मुलाखतीत पहिल्याच वाक्यात मिरगीचं सांगितलं मी. आईला भुरीची गोळी चुकेल, कारण पोळी चुकणार नाही. आणि बाबांच्या भरवशावर मी आता काहीच सोडणार नाही.

नेते उद्या.

४ जानेवारी

देऊन आले.

बाबा म्हणाले, मी चालवतो गाडी. नको म्हणणार होते, पण दुसरी सोय नव्हती. भुरी माझ्या पायाशी बसली. आईनं फाटकापर्यंत येऊन तिला पोळी घातली आणि आत निघून गेली.

रुख्माचं घर गावाच्या टोकाला आहे. अंगणात धानाची पोती. खुशाल मोजकं बोलणारा माणूस, त्यानं बाज सावलीत ओढली आणि भुरीला हात न लावता तिच्यासमोर बसून राहिला. थोड्या वेळानं तीच गेली त्याच्याकडे. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. बेईमान.

मी गोळ्यांचं पुन्हा समजावलं. रुख्मा म्हणाली, “अन् झटका आला तवाचं, एकडाव अजून सांग.”

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलायला लागले. बाजेवरून उठून खाली, जमिनीवर बसून.

“दाबून धराचं नाही. हातपाय धरले तर हाड मोडते. तोंडात काही टाकाचं नाही, पानीबी नाही. बाजूचे भांडे, दगड सरकवून द्याचे. डोक्याखाली कापड. अन् कुशीवर करून द्याचं, म्हंजे लाळ बाहेर पडते. घड्याळ पायजो, घाबरल्यावर दोन मिनिटाचे दोन घंटे वाटतात. अन् थांबलं का सोडून नोको जाऊ. आपल्याले वाटते झालं, पन नाही झालं. वळखत नाही ती कोनाले. भीतीनं पायते आपल्याकडं, जसे आपन परके हाओ. तवा तिचं नाव घेत बसाचं. हळूहळू. जोरानं नाही. मी तसाच बसतो. लय बखत घेते ती, पन मंग एकाएकी डोळ्यात येते, अन् म्हनते...”

बाबा थांबले. रुख्मा त्यांच्याकडे पाहत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ती चहा ठेवायला आत गेली.

येताना मी मनातल्या मनात मोजत आले. भुरीला बाजारात झटका आला तेव्हा बाबा नव्हते. कोठ्यात आला तेव्हा दुकानात होते. गोंदियाला तर नव्हतेच. भुरीचा झटका बाबांनी एकदाही पाहिलेला नाही.

शुद्धीवर येताना मी काय म्हणते, ते मला कोणी कधी सांगितलं नाही. मला ते आठवतही नाही.

गावात शिरताना मला सगळं कळलं आणि मी इतकी चिडले की गाडी थांबवायला लावून उरलेला रस्ता पायी आले. इतकं नीट सांगता येत होतं बाबांना. इतकं नीट. तुमसरच्या अंगणात, लग्नाच्या आधी, एवढंच सांगितलं असतं तर.